कुजक्या लाकडाचा धूर

९ नोव्हेंबर

धाकट्या,

पार्सल पोचलं. करंगळीएवढी बाटली आणि तुझी दोन ओळींची चिठ्ठी. "ताई, चामडं आणि धूर असं थंडीतलं अत्तर करतोय. थोडे दिवस लावून बघ आणि खरं काय ते कळव." अकरा वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात हे. बरी आहेस का, बाबा कसे आहेत, काही नाही. पत्ताही कंपनीचा. असो, विचारलंस तेवढं सांगते.

सकाळी दुकानात आल्या आल्या मनगटावर लावलं. आधी भपका येतो, काडी पेटवून विझवल्यावर येतो तसा. त्यानंतर बराच वेळ डांबर. चामडं यायला दुपार झाली, आणि आलं तेही शोकेसमधल्या नव्या बॅगेचं. माझ्याकडे दिवसभर लोकांचे जुने कोट आणि फाटक्या बॅगा शिवायला येतात, त्यामुळे मला फरक कळतो. एक टॅक्सीवाला कोटाची चेन बदलून घ्यायला आला होता. तो इकडेतिकडे हुंगत म्हणाला, "बाई, तुमची वायर जळतेय बहुतेक." हे तुझ्या साहेबांना सांगू नकोस, किंवा सांगच.

आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र आलंय हे मी बाबांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, तसेच राहिले. मग म्हणाले, "माझ्या तब्येतीचं एक अक्षर त्याला लिहिलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." शपथ ऐकून मला हसूच आलं, कारण न लिहिता काय वेगळं बघायला मिळणार आहे ते मला ठाऊक आहे. पण शपथ ती शपथ. म्हणून मी तब्येतीबद्दल लिहिणार नाही. अत्तराबद्दलच लिहीन, आणि तू लहानपणापासून हुशार, शहाण्याला शब्दाचा मार.

तर अत्तराची एक अडचण लिहून ठेव. घरात लावून बसता येत नाही. खोकल्याची उबळ येते आणि ती लवकर थांबत नाही. मला नाही येत.

ताई


२३ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. भपका कमी करतो म्हणालास, बरं केलंस. बाकी पत्रात 'टिकतं किती' आणि 'पसरतं किती' एवढेच प्रश्न आहेत. मी खोकल्याचं लिहिलं होतं त्यावर तू लिहितोस, "काही लोकांना धुराच्या वासाचा त्रास होतो." होतो खरा. चाळीस वर्षं कातड्याच्या कारखान्यात तो धूर छातीत घेतलेल्या माणसांना जास्त होतो.

इथे थंडी चांगलीच पडली आहे. बाहेर असताना तुझं अत्तर अंगाला चिकटून राहतं, शेजारच्या माणसालाही पत्ता लागत नाही. बसमध्ये शिरलं, हीटरची हवा लागली, की एकदम उठतं आणि चार बाकांपर्यंत जातं. हे मला आवडलं, हेही खरं लिहिते. गार हवेतून उबेत आल्यावर आपला कोणी माणूस आधीच आत बसलाय असं वाटतं. कातडीवर संध्याकाळपर्यंत टिकतं, लोकरीवर त्याहून जास्त. मफलरवर चार थेंब टाकले होते, मफलर धुतला तरी गेलं नाही.

त्या मफलरनेच घोटाळा केला. घरी यायच्या आधी मी मनगट साबणाने घासून येते, मफलर बाहेर खुंटीला अडकवते. परवा विसरले. बाबांना उशी देऊन बसवत होते तर मफलरचं टोक त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी ते धरलं. मला वाटलं बाजूला करतायत. तर त्यांनी टोकाची घडी घातली, घडीत नाक घातलं आणि डोळे मिटले. आठवतं ना, कातडं धुरीतून काढलं की कोपऱ्याची घडी घालून घडीतच वास घ्यायचे. सपाट कातडं खोटं बोलतं म्हणायचे.

"कोणी केलंय हे?" त्यांनी विचारलं.

"धाकट्याने."

त्यांनी टोक मुठीत आवळलं. मला वाटलं आता मफलर फेकतील. तू जाताना काय म्हणाला होतास ते त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही, माझ्याही नाही. "मला या वासातून सुटायचंय." आणि ते म्हणाले होते, "मग परत येऊ नकोस, या घरात दुसरा वास नाही." आता तोच वास तू बाटलीत भरून विकायला काढलास. मी त्यांच्या जागी असते तर तोंडावर हसले असते. ते हसले नाहीत.

"कोरडं लाकूड घेतलंय गाढवाने," ते म्हणाले. "कोरडं लाकूड पेटतं. जाळ झाला की कातडं करपलं. आपण कुजकं घ्यायचो, हाताने चुरा होईल असं, वरून ओलं करून. ते पेटत नाही, धुमसतं. त्याच्या धुराला पावसाळी जमिनीचा वास असतो. हा कधी धुरीच्या खोलीत टिकलाय? दारातूनच पळायचा. लिही त्याला."

एवढं बोलून त्यांना जो दम लागला तो मी लिहू शकत नाही, शपथ आहे. पण रात्रीचं जेवण त्यांनी मागून घेतलं.

ताई


१४ डिसेंबर

धाकट्या,

दुसरी बाटली मिळाली. आता ओलावा आहे. बाबा म्हणाले, "बुद्धी झाली." ही स्तुती समज. पुढचं त्यांच्याच शब्दांत, मी फक्त हमाल.

"तेल कुठंय? धुरी देण्याआधी कातडं तेलात मळतात. धूर त्या तेलात बसतो. याने उघड्या कातड्यावर धूर सोडलाय, तो बसणार कशावर? दुपारपर्यंत उडून जाईल." गेलाच उडून. मी तपासलं. आणि दुसरं, "गोडी जास्त झाली. गिऱ्हाइकाला खूश करायला साखर घातली असेल. काढ म्हणावं."

तुला खरं सांगू? या घरात इतकं बोलणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. पोस्टमनची वेळ झाली की ते जिन्याकडे कान लावतात. पत्र आलं का असं विचारत नाहीत, "आज खाली गेली होतीस का?" एवढंच म्हणतात. काल डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनाही त्यांनी मफलर हुंगायला लावला आणि वर त्यांना काही कळत नाही म्हणून मान हलवली. बाई का आल्या होत्या हे अत्तराच्या विषयात बसत नाही. त्या आता दर आठवड्याला येतात, आणि जाताना माझ्याशी बोलायला दाराबाहेर थांबतात. याहून जास्त मला लिहिता येत नाही. तुला याहून जास्त लागू नये.

मला आधी वाटलं होतं की तू समजून घेशील. आणि तुझ्या या वेळच्या पत्रात शेवटी ती ओळ होतीच. "बाबा 'तयार' म्हणाले की मी घेऊन स्वतः येतो." मी ती दोनदा वाचली. आपल्या कारखान्यात तो शब्द एकट्या बाबांचा होता. कोणीही कारागीर असो, कातडं तयार आहे असं त्याने म्हणायचं नाही. बाबा घडी घालून वास घेणार, 'तयार' म्हणणार, मग खोलीचं दार उघडायचं. तू तो शब्द विसरला नाहीस याचं मला बरं वाटलं. आणि रागही आला. वडिलांना भेटायला यायला परवानगीचा शब्द कशाला हवा?

मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. आधी उजळला. मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, पांघरुणाकडे पाहिलं, पलंगाखालच्या भांड्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "अजून नाही. तेल नाही म्हणून लिही."

त्यांना तू हवा आहेस आणि तू त्यांना या अवस्थेत बघायला नको आहेस. दोन्ही एकाच वेळी. बाप तसा लेक, दोघंही एकाच दगडाचे.

मला विचारशील तर ही बाटली मी विकत घेईन. गोडी काढ तेवढी.

ताई


६ जानेवारी

धाकट्या,

तिसरी बाटली येऊन पडली आहे. तिच्याबद्दल मी तुला काहीही सांगू शकत नाही, कारण ती उघडलेली नाही.

घरात आता ऑक्सिजनची नळी आहे. बाबांच्या नाकात. शपथ मोडली, मोडू दे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, या खोलीत अत्तर, स्पिरिट, उदबत्ती काही नको. मफलर मी दुकानात नेऊन ठेवला. माझ्या अंगालाही वास नसतो. घरात औषधांचा आणि साबणाचा वास आहे, बस.

तुझं पार्सल आलं तेव्हा मी बाटली त्यांच्या हातात दिली, नुसती धरायला. बुचावरचं सील तसंच होतं. त्यांनी ती नळीपाशी नेली, डोळे मिटले, घडी घालायचे तसा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अजून नाही."

"बाबा, बाटली बंद आहे," मी म्हटलं.

"मला कळतं की."

"तुम्हाला वास येतच नाही ना आता?"

त्यांनी बाटली मला परत दिली. "नळी निघाली की येईल," ते म्हणाले. "तोवर लिही, धूर कमी पडतोय."

नळी निघणार नाही. डॉक्टरीणबाई दाराबाहेर हेच बोलतात. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, फार तर हा महिना. ते तुला 'तयार' म्हणणार नाहीत कारण म्हटलं तर तू येशील. तू येणार नाहीस कारण ते म्हणत नाहीत. मधल्या मध्ये मी तुम्हा दोघांचे निरोप वाहत बसले, आणि तुला वाटलं असेल, म्हातारा एवढे दोष काढतोय म्हणजे ठणठणीत असणार. माझ्याच पत्रांनी तुला तसं वाटलं असेल तर त्याचाही मला त्रास होतो.

म्हणून आता सरळ लिहिते, आडून काही नाही. ते मरतायत. अत्तर राहू दे. तसाच ये.

ताई


१८ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. वाचून हातातली शिवण तशीच टाकली आणि लगेच लिहायला बसले.

"ताई, चौथं मिश्रण मुरायला ठेवलंय. या वेळी तेल बरोबर बसलंय, धूर ओला आहे, महिन्याअखेरीस घेऊन येतो. रिकाम्या हाताने त्यांच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही." तुझ्या अक्षरात आहे हे सगळं. हिंमत नाही. अरे, हिंमत कसली लागते? जिना चढायचा, आत यायचं, खुर्चीवर बसायचं. बोलूही नकोस, ते तरी कुठे बोलू शकतात. दोन शब्दांनंतर थांबावं लागतं.

गेल्या आठवड्यात मी पाठ पुसत असताना त्यांनी विचारलं, "त्याचं काय म्हणणं?" तुझं उत्तर यायच्या आधीच मी सांगितलं, येतोय. ते म्हणाले, "दाढी करून दे मग." मी केली. रोज करते आहे. गाल इतके आत गेले आहेत की पातं कुठे फिरवावं कळत नाही. आरसा मागतात, बघतात आणि पालथा ठेवतात. पण 'नको येऊ दे' असं म्हणत नाहीत आता. तो हट्ट गेला. आता फक्त वाट बघणं उरलंय.

तुला रिकाम्या हाताची लाज वाटते, आणि त्यांना रिकाम्या छातीची. मला तुमच्या दोघांच्या लाजेचा वीट आला आहे. मुरायचं ते मुरू दे. तू नीघ.

ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

बाबा गेले. तीस तारखेला सकाळी, मी चहा टाकत असताना. त्रास झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून एवढंच लिहिते की फार वेळ झाला नाही. खालची शिंपीण आणि तिचा नवरा होते, डॉक्टरीणबाई होत्या. दुपारी पोहोचवून आलो.

मी तुझ्या कंपनीत फोन केला होता. तिथली मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "वडील आजारी आहेत म्हणून ते सुट्टीवर गेलेत. तुम्ही कोण?" मी फोन ठेवला. मी कोण हे तिला काय सांगू?

आता चौथ्या अत्तराबद्दल. तू खरं काय ते कळव म्हणाला होतास.

सत्तावीस तारखेला सकाळी मी बाबांना कुशीवर वळवून धरलं होतं. चादर बदलायची होती. एक हात त्यांच्या पाठीखाली, एक चादरीवर. ते म्हणाले, "बाहेर कोणीतरी थांबलंय." मला काही ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, वरच्या मजल्यावरची माणसं असतील. ते म्हणाले, "नाही. दारात थांबलंय. बघ ना." मी म्हटलं, हात मोकळा झाला की बघते. चादर ओढली, उशी लावली, नळी सरळ केली आणि मग गेले.

जिन्यात कोणी नव्हतं, वास होता.

घरात अत्तराचा थेंब नव्हता, माझ्या अंगावर नव्हता, तिसरी बाटली दुकानात सीलबंद होती, आणि आधीच्या दोन्हीत हा वास नव्हताच. कुजकं लाकूड, ओलं, धुमसणारं. त्याच्याखाली तेलात मळलेलं कातडं. गोडी अजिबात नाही. मी धुरीच्या खोलीच्या दारात उभी आहे असं मला वाटलं, आणि आत बाबा उभे आहेत, चांगले धट्टेकट्टे, बाह्या वर केलेले. मी कठडा धरून रडले. थंडीमुळे तो वास हलतच नव्हता. दारासमोर सगळ्यात जास्त होता, म्हणजे तू तिथे बराच वेळ उभा असणार. दुपारपर्यंत टिकला. दोष काढायला काही जागा नाही. इतकं चांगलं काम तू आयुष्यात केलं नसशील.

मी धावत खाली गेले. शिंपीण म्हणाली, एक लांब कोटवाला माणूस आत्ताच गेला, डोळे लाल होते, कोणाकडे आला होतात विचारलं तर म्हणाला, मजला चुकला.

वर आले तर बाबा माझ्याकडे बघत होते. "कोण होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. पेपरवाला होता, म्हणू शकले असते. पण एवढे दिवस ज्याची वाट बघितली ते त्यांना मिळायला हवं असं मला वाटलं. मी पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. धाकटा आला होता. दारापर्यंत आला होता. जिन्यात त्याच्या अत्तराचा वास आहे, आणि तो आपल्या धुरीच्या खोलीचा वास आहे, बाबा, अगदी तसाच. त्याला जमलंय.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला. लहानपणी मला ताप आला की थोपटायचे तसा.

"पुरे," ते म्हणाले. मध्ये थांबून श्वास घेतला. "माझं मन राखायला कशाला बनवून सांगतेस? इतकं जवळ येऊन... कोणी परत जातं का?"

मी शपथा घेतल्या. शिंपिणीला वर बोलावते असं मी म्हटलं. ते नुसते मान हलवत राहिले, माझी समजूत काढल्यासारखे. त्यांना वाटलं, पोरगी बिचारी आपल्यासाठी गोष्टी रचते. त्या दिवसानंतर त्यांनी दाढी करून मागितली नाही. तुझं नाव काढलं नाही. तीन दिवस त्यांनी माझीच समजूत काढली, आणि गेले.

तू आलास हे त्यांना खोटं वाटलं, धाकट्या. हे तुला कळायला हवं म्हणून हे पत्र. शिव्या द्यायच्या होत्या, पण लिहायला बसले तर त्या आल्या नाहीत. तुझी कीव येते आणि तुझा राग येतो, आणि तू कुठेतरी एकटा रडत असशील या विचाराने मी ताट बाजूला सारते. तिन्ही खरं आहे.

एक गोष्ट तुला माहीत नसेल, कारण तू हात लावून पाहिलं नाहीस. डॉक्टरीणबाईंना केव्हाही आत येता यावं म्हणून नोव्हेंबरपासून आमच्या दाराला कडी नसते. त्या दिवशीही नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं.

ताई